डावा अर्धा, उजवा अर्धा : मॉर्गनटाउनचे तीन रुग्ण

न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या ४ जानेवारी २०२४च्या अंकात आठ पानांचा एक लेख आहे. त्यात रुग्ण फक्त तीन. एरवी हजार-दीड हजार रुग्णांच्या चाचण्या छापणाऱ्या नियतकालिकाने तीन माणसांसाठी एवढी जागा का दिली असेल? उपचार नवा होता हे आहेच, पण मला त्याहून जास्त आवडली ती तुलनेची पद्धत. तिघांनाही अल्झायमर होता आणि तोही सुरुवातीच्या टप्प्यातला. तिघांनाही सहा महिने दर महिन्याला अ‍ॅड्युकॅनुमॅब हे प्रतिपिंड (अँटिबॉडी) औषध शिरेतून दिलं. औषध दिलं त्याच दिवशी मेंदूच्या एका बाजूचा ठरावीक भाग ध्वनिलहरींनी थोड्या वेळासाठी ‘उघडला’. दुसऱ्या बाजूचा अगदी तसाच भाग मात्र हात न लावता सोडून दिला.

म्हणजे औषध तेच, रक्त तेच, वय तेच, जनुकं तीच. फरक एवढाच की एका बाजूला दार किलकिलं होतं आणि दुसऱ्या बाजूला बंद. गणितात उत्तर बरोबर आहे का हे पाहायला आपण ताळा करतो. इथे रुग्णाच्या मेंदूचा एक अर्धा दुसऱ्याचा ताळा होता.

ही चाचणी झाली अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रॉकफेलर न्यूरोसायन्स इन्स्टिट्यूटमध्ये, मॉर्गनटाउन गावी. न्यूरोसर्जन अली रेझाई या गटाचे प्रमुख. कोळशाच्या खाणींसाठी ओळखल्या जाणाऱ्या या राज्यात मेंदूसंशोधनाची एवढी मोठी संस्था कशी, याचं उत्तर तिच्या नावात आहे. या राज्याचे तेव्हाचे सिनेटर जे रॉकफेलर यांच्या आई ब्लँचेट अल्झायमरने गेल्या. त्यांच्या नावाने १९९९मध्ये मूळ संस्था सुरू झाली.

आता ते दार म्हणजे काय, ते पाहू. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५च्या सुमारास प्राण्यांच्या रक्तात रंग सोडून पाहिले. यकृत, मूत्रपिंड, स्नायू सगळे रंगले, मेंदू कोरा राहिला. एर्लिखला वाटलं, मेंदूला या रंगांची ओढच नसावी. त्याचा शिष्य एडविन गोल्डमन याने १९१३मध्ये उलटा प्रयोग केला. त्याने रंग रक्तात न सोडता मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. आता मेंदू निळा झाला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. ओढ होती, वाट नव्हती. पुढे १९६०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं, की मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या आतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की त्यांच्यामधून काही झिरपायला फटच राहत नाही. यालाच डॉक्टर मंडळी ब्लड-ब्रेन बॅरियर किंवा नुसतं बीबीबी म्हणतात. आपण रक्त-मेंदू अडसर म्हणू.

प्राणवायू, चहातलं कॅफीन आणि दारू हा अडसर सहज ओलांडतात. ग्लुकोजसाठी वेगळी दारं आहेत. औषधांचं मात्र अवघड होतं. प्रतिपिंडाचा रेणू तर राक्षसी, सुमारे दीड लाख डाल्टन वजनाचा. तो रक्तात जेवढा असतो त्याच्या साधारण हजारातला एक भाग मेंदूपर्यंत पोचतो. उरलेलं औषध शरीरभर फिरत राहतं. डोस मोठा का द्यावा लागतो, याचं एक कारण हेच. डोस मोठा झाला की त्याचे चटकेही मोठे.

अ‍ॅड्युकॅनुमॅबचा इतिहास त्या चटक्यांशिवाय सांगता येत नाही. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात. हे प्रतिपिंड त्या थरांना चिकटतं आणि मग मेंदूतल्या सफाई पेशी ते उचलून नेतात. ते झुरिकच्या न्यूरिम्यून कंपनीने शोधलं आणि बायोजेनने बाजारात आणलं. मार्च २०१९मध्ये दोन मोठ्या चाचण्या ‘फायदा दिसण्याची शक्यता नाही’ म्हणून थांबवल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने सांगितलं की आकडे पुन्हा तपासले तर एका चाचणीत फायदा दिसतो. नोव्हेंबर २०२०मध्ये एफडीए या अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेची सल्लागार समिती या औषधाच्या विरोधात गेली. तरीही ७ जून २०२१ला एफडीएने त्याला वेगवान मंजुरी दिली आणि समितीतल्या तिघांनी राजीनामे दिले. पूर्ण डोस घेणाऱ्यांपैकी सुमारे ३५ टक्के लोकांच्या एमआरआयवर मेंदूत सूज दिसली. बहुतेकांना तिची जाणीवही झाली नाही, पण काहींना ती जड गेली. वर्षाची किंमत सुरुवातीला ५६ हजार डॉलर होती, पुढे ती निम्म्यावर आणावी लागली.

असं वादग्रस्त औषध घेऊन रेझाई यांच्या गटाने एक साधा प्रश्न विचारला. थर विरघळवायची ताकद या औषधात आहे हे पेट स्कॅनवर, म्हणजे किरणोत्सर्गी द्रव्य देऊन काढलेल्या मेंदूच्या चित्रांत, आधीच दिसलं होतं. मग दारातच अडकून पडणारं औषध आत घेतलं, तर तेवढ्याच डोसमध्ये जास्त सफाई होते का?

उपचाराच्या दिवसाचं वर्णन जरा सविस्तर करतो, कारण वर्तमानपत्रातल्या बातम्यांत ‘ध्वनिलहरींनी मेंदूचं कुलूप उघडलं’ एवढंच येतं.

आधी शिरेतून औषध चढवायचं. ते रक्तात भरपूर असतानाच दार उघडायला हवं, म्हणून औषधानंतर दोनेक तासांच्या आत ध्वनिलहरींचं काम सुरू व्हायला हवं. त्यासाठी डोक्याचे केस पूर्ण काढलेले असतात. केसांत हवा अडकते आणि हवा ध्वनिलहरींना भिंतीसारखी अडवते. डोकं हलू नये म्हणून ते चौकटीत पक्कं केलं जातं. मग माणसाला एमआरआयच्या पलंगावर आडवं करून डोक्यावर अर्धगोल हेल्मेट येतं. डोकं आणि हेल्मेट यांच्यामध्ये हवा काढून टाकलेलं थंड पाणी खेळवलेलं असतं. भूल नसते. रुग्ण जागा असतो, बोलू शकतो.

हेल्मेटच्या आतल्या बाजूला १,०२४ छोटे ध्वनिस्रोत बसवलेले असतात. हे इस्रायलच्या इनसाइटेक कंपनीचं यंत्र. याच घराण्यातलं यंत्र हात थरथरण्याच्या विकारासाठी २०१६पासून अमेरिकेत मान्यताप्राप्त आहे. तिथे साधारण ६५० किलोहर्ट्‌झच्या लहरी मेंदूतल्या एका बिंदूवर आणून तो बिंदू तापवून निकामी करतात. लहानपणी भिंगाने ऊन एकवटून कागद जाळला असेल, तर तत्त्व लगेच लक्षात येईल. दार उघडण्यासाठी मात्र जाळायचं काहीच नसतं. वारंवारता २२० किलोहर्ट्‌झपर्यंत खाली आणतात, कारण खालच्या वारंवारतेच्या लहरी कवटीतून कमी अडचणीने पार होतात. ताकदही फार कमी ठेवतात. आपल्याकडे पोटाची सोनोग्राफी होते तिची वारंवारता काही मेगाहर्ट्‌झ असते, म्हणजे याच्या कितीतरी पट जास्त.

कवटी हीच मोठी अडचण. तिची जाडी जागोजागी वेगळी, काही ठिकाणी हाड घट्ट तर काही ठिकाणी सच्छिद्र. त्यामुळे १,०२४ स्रोतांतून एकाच क्षणी निघालेल्या लहरी आत पोचतात त्या मागेपुढे होऊन. यावर उपाय म्हणजे रुग्णाच्या कवटीचा सीटी स्कॅन आधी काढायचा आणि प्रत्येक स्रोताला किती उशिरा सुरू करायचं याचं गणित मांडायचं. लांबलचक दिंडीत पुढच्या आणि मागच्या टाळकऱ्याचा ठोका ऐकणाऱ्याच्या कानावर एकाच वेळी पडावा असं वाटत असेल, तर मागच्याने आधी वाजवायला हवं. इथे हजारावर टाळकरी आहेत आणि चूक मायक्रोसेकंदाच्या हिशेबात मोजायची.

एवढं करूनही नुसत्या लहरींनी दार उघडत नाही. उघडायचं म्हटलं तर इतकी ताकद लावावी लागते की ऊतकालाच इजा होते. ही कोंडी फोडली कुलेर्वो हायनिनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये. सशांवरचा त्यांचा प्रयोग २००१मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयाच्या इकोमध्ये चित्र स्पष्ट दिसावं म्हणून जे सूक्ष्म बुडबुडे शिरेतून देतात, तेच त्यांनी ध्वनिलहरींच्या आधी रक्तात सोडले. हे बुडबुडे तांबड्या पेशीपेक्षाही लहान असतात. आत जड वायू, बाहेर प्रथिनाचं किंवा स्निग्ध पदार्थाचं पातळ वेष्टण. लहरींच्या केंद्रबिंदूत आले की ते सेकंदाला लाखो वेळा फुगतात आणि आकसतात. केशवाहिनीच्या आतून ही ढकलाढकली झाली की पेशींमधले सांधे सैल होतात. शिवाय पेशीही आपल्या आरपार जास्त माल वाहून नेऊ लागतात. बाकी सगळीकडे बुडबुडे नुसते वाहत राहतात, आणि थोड्याच वेळात त्यांच्यातला वायू श्वासावाटे निघून जातो. लहरी कवटीबाहेरून येतात, पण काम आतून होतं. या तंत्रातली खरी युक्ती बुडबुड्याची आहे, असं माझं मत. हेल्मेटचं कौतुक त्यानंतर.

धोकाही बुडबुड्याचाच. लहरींचा जोर वाढला तर तो फुगणं-आकसणं सोडून फुटतो आणि फुटताना केशवाहिनीला भोक पाडू शकतो. म्हणून यंत्र सतत कान देऊन असतं. शांतपणे आंदोलित होणारे बुडबुडे एका प्रकारचा प्रतिध्वनी देतात, फुटणारे वेगळा. प्रतिध्वनीत फुटण्याची चाहूल लागली की ताकद आपोआप कमी होते. म्हणजे उघडतानाही यंत्र ऐकत असतं. कुठल्या क्षणी काय झालं याची नोंद त्या आवाजात राहते.

दार उघडलं का, हे पाहायची रीत सोपी आहे. एमआरआयचा गॅडोलिनियम हा रंगद्रव्यासारखा पदार्थ एरवी अडसर ओलांडत नाही. लहरींनंतर तो शिरेतून दिला आणि चित्रात ठरलेल्या जागी पांढरे ठिपके उमटले, की समजायचं फट पडली. एक-दोन दिवसांत पुन्हा चित्र काढलं तर ठिपके नसतात. याच गटाने २०२०मध्ये सहा अल्झायमर रुग्णांच्या स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस भागात हे करून दाखवलं होतं. त्यात औषध दिलं नव्हतं, फक्त उघडझाप होती. त्याआधी टोरांटोच्या सनीब्रुक रुग्णालयात २०१५ साली मेंदूतल्या ट्यूमरच्या रुग्णाला केमोथेरपी देताना ही पद्धत माणसात पहिल्यांदा वापरली गेली.

मॉर्गनटाउनच्या तिघांवर हे सहा वेळा झालं. पहिल्या व्यक्तीत उघडलेला भाग छोटा ठेवला, पुढे तो वाढवत नेला. अशा प्रयोगात पहिल्या रुग्णावर धाडस करायचं नसतं. औषधाचा डोसही नेहमीच्या वेळापत्रकाप्रमाणे चढत्या क्रमाने दिला. किलोमागे १ मिलिग्रॅमपासून सुरुवात झाली आणि सहाव्या महिन्यापर्यंत ६ मिलिग्रॅमवर पोचले. पूर्ण डोस किलोमागे १० मिलिग्रॅमचा, तो गाठायच्या आतच चाचणी संपली. ही गोष्ट वाचताना सुटून जाते, पण महत्त्वाची आहे. जे काही दिसलं ते अर्ध्या वाटेवरच्या डोसमध्ये दिसलं.

आणि काय दिसलं? अमायलॉइड मोजायला पेट स्कॅन केला, फ्लोरबेटाबेन नावाचं किरणोत्सर्गी द्रव्य देऊन. सहा महिन्यांनंतर, लहरी दिलेल्या भागात अमायलॉइडची घट दुसऱ्या बाजूच्या तशाच भागापेक्षा सरासरी ३२ टक्के जास्त होती. तिघांचाही कल एकाच दिशेचा होता.

लेखकांनी शब्द मात्र जपून वापरले आहेत. घट ‘आकड्यांत जास्त’ होती, असं ते म्हणतात. ‘लक्षणीयरीत्या’ जास्त असं म्हणत नाहीत. तीन माणसांवर संख्याशास्त्राची कसोटी लावण्यात अर्थ नसतो, हे त्यांना माहीत आहे. बातम्यांमध्ये हा ‘आकड्यांत’ कुठेतरी गळून पडला. वैद्यकीय बातम्या वाचणाऱ्याने अशा विशेषणांवर लक्ष ठेवलेलं बरं.

माझी खरी शंका वेगळी आहे आणि ती त्याच सुंदर तुलनेतून येते. एका बाजूला औषध अधिक लहरी, दुसऱ्या बाजूला नुसतं औषध. नुसत्या लहरी मिळालेला भाग कुठेच नाही. मग फरक पडला तो प्रतिपिंड जास्त आत गेल्याने, की लहरींनीच काही केल्याने? ही शंका हवेतली नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या लेनिंगा आणि ग्योट्स यांनी २०१५मध्ये दाखवलं, की उंदरांच्या मेंदूत कुठलंही औषध न देता नुसत्या लहरी आणि बुडबुड्यांनी अमायलॉइड कमी होतं. सफाई करणाऱ्या पेशी जाग्या होतात, असा त्यांचा खुलासा. माणसात मात्र हा परिणाम फारच थोडा दिसला आहे. मॉर्गनटाउनच्याच आधीच्या रुग्णांत, औषधाशिवाय, हिप्पोकॅम्पसमधली घट सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास होती. त्यामुळे ३२ टक्क्यांमधला मोठा वाटा औषधाचा असावा, असं मानायला जागा आहे. पण हा तर्क झाला. दोन वेगळ्या चाचण्यांतले आकडे असे शेजारी ठेवणं म्हणजे एका घरच्या तराजूत दुसऱ्या घरचं वजन करणं.

प्रतिपिंड खरंच आत जातं का, याचा थेट पुरावा दुसरीकडून आला. सनीब्रुकच्या गटाने स्तनांच्या कर्करोगाचा मेंदूत प्रसार झालेल्या चार स्त्रियांना ट्रास्टुझुमॅब दिलं. हेही प्रतिपिंडच. त्यांनी त्याला किरणोत्सर्गी इंडियमची खूण बांधली आणि लहरींनंतर ते ट्यूमरपाशी किती जमतं ते कॅमेऱ्याने पाहिलं. खूण सरासरी दुपटीच्या आसपास वाढली होती. हा निष्कर्ष २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. मॉर्गनटाउनच्या लेखात नसलेला दुवा इथे सापडतो, फक्त रोग वेगळा आहे आणि ट्यूमरपाशी अडसर आधीच काहीसा फाटलेला असतो, हे विसरून चालणार नाही.

आता स्मृतीचं काय, हा प्रश्न घरातल्या माणसाला सगळ्यात आधी पडतो. आईला माझं नाव पुन्हा आठवेल का? या चाचणीतून त्याचं उत्तर मिळत नाही, मिळणारही नव्हतं. बुद्धीच्या चाचण्या घेतल्या त्या मुख्यतः काही बिघडत तर नाही ना, हे पाहायला. तीन माणसं, सहा महिने आणि मेंदूचा छोटासा भाग यावर स्मृतीबद्दल एक अक्षर बोलता येत नाही. शिवाय अमायलॉइड कमी झालं म्हणजे विसरणं कमी झालं, असं सरळ समीकरण नाही. अ‍ॅड्युकॅनुमॅबचा सगळा वाद याच एका गोष्टीवरून पेटला होता.

दुसरी अडचण क्षेत्रफळाची. अमायलॉइड मेंदूभर पसरलेलं असतं आणि मोठ्या माणसाचा मेंदू बाराशे-तेराशे घनसेंटिमीटरचा. एका बैठकीत ठिपक्याला ठिपका जोडत जेवढा भाग उघडता येतो, तो त्याच्या तुलनेत अगदीच छोटा. भाग वाढवला की वेळ वाढतो, म्हणजे सत्तरीतल्या माणसाने आणखी काही वेळ एमआरआयच्या बोगद्यात डोकं न हलवता पडून राहायचं. तेही दर महिन्याला, दर वेळी डोक्याचा गोटा करून. ज्या माणसाला आपण कुठे आहोत याचाच मधूनमधून विसर पडतो, त्याच्यासाठी हे सोपं नाही. लेखांमध्ये या त्रासाला ओळ-दोन ओळी मिळतात.

आणि तिसरी गोष्ट सुजेची. औषधानेच मेंदूत सूज आणि सूक्ष्म रक्तस्राव होतो, वर आपण केशवाहिन्या हलवतो आहोत. एकत्र केल्यावर धोका वाढेल का? उलटंही घडू शकेल. दार उघडं असल्यामुळे कमी डोसमध्ये काम भागलं, तर सूज कमी होईल. या पद्धतीबद्दलची सगळ्यात मोठी आशा मला इथेच दिसते, आणि ती तपासायची तर दोन गट लागतील. एका गटाला पूर्ण डोस, दुसऱ्याला अर्धा डोस आणि हेल्मेट. तशी तुलना या तिघांत नव्हती.

याच काळात शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात दुसरी वाट चोखाळली जात होती. तिथे ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेतच कवटीत खिडकी करून पॅरिसच्या कंपनीने बनवलेला ध्वनिस्रोत कायमचा बसवतात. हाडाचा प्रश्नच मिटतो. हेल्मेट नको, एमआरआयचा बोगदाही नको. सतरा रुग्णांवरच्या त्यांच्या चाचणीचा अहवाल २०२३मध्ये आला. त्यात एक उपयोगी निरीक्षण आहे : दार बरंचसं पहिल्या तासाभरातच मिटतं. म्हणजे औषध आधी द्यायचं की नंतर, आणि किती मिनिटांनी, हा तपशील वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. ट्यूमरच्या रुग्णाची कवटी तशीही उघडायचीच असते. अल्झायमरच्या आजोबांना यासाठी ऑपरेशन करायला कोण सांगणार? त्यांच्यासाठी हेल्मेटच.

लेख छापून आला ४ जानेवारीला. ३१ जानेवारी २०२४ रोजी बायोजेनने अ‍ॅड्युकॅनुमॅब बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि त्याचे हक्क न्यूरिम्यूनकडे परत गेले. निर्णयाचा औषधाच्या सुरक्षिततेशी किंवा परिणामाशी संबंध नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. ज्या औषधावर तिघांनी सहा महिने घालवले, ते लेख वाचून होईपर्यंत बाजारातून निघालंसुद्धा. त्याच घराण्यातलं लेकानेमॅब तोवर पूर्ण मंजुरी घेऊन उभं होतं. फरक असा की ते निदान सुरुवातीच्या काळात दर दोन आठवड्यांनी आणि पहिल्यापासून पूर्ण डोसमध्ये देतात. मग हेल्मेट दर वेळी घालायचं, की एकाआड एक वेळी, की महिन्यातून एकदाच पुरे? मॉर्गनटाउनचं महिन्याचं वेळापत्रक इथे तसंच उचलून लावता येत नाही, आणि डोस हळूहळू चढवताना मिळणारी सावधगिरीची सवलतही इथे नाही.